बिराजदार मॅडमचं हलकं छप्पर

बिराजदार मॅडम वर्गात आल्या की फळ्याकडे किंवा आमच्याकडे न बघता आधी वर छताकडे बघायच्या. एकदाच, पटकन. घराबाहेर पडताना आपण लावलेलं कुलूप एकदा ओढून बघतो ना, तसं. मग खुर्ची दाराजवळ ओढून घ्यायच्या आणि हजेरी सुरू करायच्या. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, पंखा बघतात. लातूरच्या उन्हाळ्यात पंखा फिरतोय की नाही हे कुणीही बघेल. पण पंखा बंद असला तरी त्या काही म्हणायच्या नाहीत, आणि हिवाळ्यातही त्यांची नजर वर जायचीच. पुढे वरच्या वर्गातल्या एका ताईने सांगितलं की मॅडम भूकंपाच्या पट्ट्यातल्या आहेत, लहानपणी त्यात सापडलेल्या. त्यानंतर आम्ही कुणी काही विचारलं नाही. लातूरमध्ये एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

मी त्यांच्यावर लिहावं एवढी माझी त्यांच्याशी ओळख होती का, हे मला नीट सांगता येणार नाही. मी मागच्या बाकावर बसणारी. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा की नाही, या विचारात तास संपायचा. त्यांच्याहून मोठ्या, नावाजलेल्या शिक्षकांनीही मला शिकवलं आहे. पण आमच्या घरात आजही कुणी ‘मॅडम’ म्हटलं की दुसऱ्या कुणाचा चेहरा समोर येत नाही. म्हणून, जमेल तसं, लिहिते आहे.

मॅडम भूगोल शिकवायच्या. अंगाने लहानखुऱ्या, केसांचा घट्ट बुचडा, आवाज मात्र मैदानापलीकडे जाणारा. वर्गात गोंधळ झाला तर त्या ओरडायच्या नाहीत, उलट आवाज इतका खाली आणायच्या की ऐकायचं असेल तर आम्हालाच गप्प बसावं लागे. बोलायच्या शुद्ध, पण राग आला किंवा माया आली की भाषा गावाकडे वळायची. कुणी पानंच्या पानं उत्तर लिहून नेलं की तो कागदांचा गठ्ठा तळहातावर झेलत म्हणायच्या, “लई जड झालंय गं हे. यातलं तुझं किती आणि गाईडचं किती?”

जड या शब्दाचा त्यांना खरोखरच राग होता. त्यांच्या पिशवीत भंगारवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा असायचा, वर कडी आणि खाली आकडा. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना त्या दर हिवाळ्यात क्षेत्र-अभ्यासाला जंगलाकडे घेऊन जायच्या, मुक्कामाने. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकीची बॅग त्या काट्याला टांगायच्या. काटा खाली गेला की बॅग उघडायची. माझी मैत्रीण ऋतुजा लातूर शहरातली. तिच्या आईने तिला घरातलं निम्मं सामान बांधून दिलं होतं. मॅडमनी एकेक वस्तू बाहेर काढली. इस्त्री निघाली.

“हे काय गं?”

“मॅडम, फोटो काढणार ना आपण.”

“सागाच्या झाडांना चुरगळलेला ड्रेस चालतो.”

मग चिवड्याचा डबा निघाला, पत्र्याचा, झाकणापर्यंत भरलेला. तो त्यांनी हातात घेऊन अंदाज घेतला आणि सगळ्या मुलींना जवळ बोलावलं. “हा नेता येणार नाही. पण टाकताही येणार नाही.” तिथेच व्हरांड्यात बसून आम्ही तो संपवला. ऋतुजा रडवेली झाली होती, पण सगळ्यात जास्त तिनेच खाल्ला. रिकामा डबा तिच्या हातात देत मॅडम म्हणाल्या, “जे उचललं ते वाहायचं असतं, बाळ. पोटातलं तेवढं जाणवत नाही.”

मुक्कामासाठी त्यांच्याकडे तंबू नव्हते. होती ती कापडं. छत्रीच्या कापडाहून पातळ, राखाडी रंगाची, घडी केली तर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावतील अशी. कापड कुठून कुठून मागवून त्यांनी स्वतः घरच्या मशीनवर शिवलं होतं. शिवणीवर पाणी झिरपू नये म्हणून वरून डिंकासारखं काहीतरी चोपडलं होतं. दोन काठ्या उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची, दोरीवर कापड टाकायचं आणि चार कोपरे खुंट्यांना बांधायचे. दोन्ही तोंडं उघडी, आणि खाली तळ नाही. कापडाच्या आत जी जमीन, ती जमीनच. प्रत्येकीने आपली एक चटई आणायची, बस्स. त्यांचे यजमान कधी कॉलेजात आले की हसून सांगायचे, “लोकांच्या घरी मशीनवर ब्लाउज शिवतात, आमच्याकडे छप्पर शिवतात.”

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी ते कापड कॉलेजच्या मैदानावर बांधून दाखवलं. सगळ्या मुली खाली शिरून फोटो काढत होत्या. मी बाहेरच उभी राहिले. मला त्या कापडाखाली जायचं नव्हतं, आणि का ते कुणाला सांगायचंही नव्हतं.

माझे माय-बा ऊस तोडतात. गाव चाकूर तालुक्यातलं, पण दिवाळी झाली की घराला कुलूप. कारखान्याच्या भागात जिथे टोळी थांबेल तिथे कोपी घालायची, म्हणजे बांबूच्या कांबी वाकवून त्यावर उसाचं पाचट आणि पाचटावर ताडपत्री. माझं लहानपण अशा कोप्यांत गेलं. पाचवीपासून मला वसतिगृहात ठेवलं, ते एवढ्याचसाठी की निदान मी तरी ताडपत्रीखाली झोपू नये. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मायने कधी मोठं काही मागितलं नाही. तिच्या दोनच इच्छा होत्या, लेकीचं शिक्षण आणि स्लॅबचं घर.

क्षेत्र-अभ्यासाच्या या शिबिराला गेलं नाही तर प्रकल्पाचे गुण मिळत नव्हते, आणि त्या गुणांशिवाय पदवी अडकत होती. मी मायला फोन केला. तेव्हा हंगाम सुरू झाला होता, ती उसाच्या फडात होती.

“झोपायचं कुठं?” तिने पहिलं विचारलं.

“मॅडम एक कापड आणतात. ताडपत्रीसारखं. ते बांधायचं.”

“आन खाली?”

“खाली काही नसतं.”

बराच वेळ फोनमध्ये नुसता कोयत्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “तू ताडपत्रीतून भाईर पडावं म्हणून आमी ऊस तोडूलालाव. आन तुजी मॅडम तुला परत ताडपत्रीत घाललालीय व्हय? न्हाई जायाचं.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं. म्हटलं, माझं नाव काढा, घरून नाही म्हणतात. त्यांनी कारण विचारलं नाही. “घर कुठंय?” एवढंच विचारलं. मी म्हणाले, “चाकूरकडे. पण आता घरी कुणी नसतं. कारखान्याच्या बाजूला असतात.” त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “रविवारी दुपारी मोकळी आहेस ना? जाऊन येऊ.”

मला नको होतं. पण त्यांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्यांच्या स्कूटीवर मागे बसून गेलो. मांजरेच्या काठाने दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडलेली मोकळी रानं, आणि एका रानाच्या कडेला ओळीने कोप्या. माय नुकतीच आली होती. डोक्याला फडकं, हाताला उसाची कुसं. मॅडमना बघून ती घाईने हात धुवायला गेली. मी मान खाली घालून उभी.

मॅडम कोपीच्या तोंडाशी आल्या आणि सवयीने वर बघितलं. बांबू, पाचट, वर काळी ताडपत्री. आणि मग मी पहिल्यांदाच बघितलं, की त्या दाराशी थांबल्या नाहीत. वाकून आत गेल्या, थेट मागच्या टोकाला, जिथे आमची भांडी असतात तिथे, आणि पाय पसरून बसल्या. एवढ्या मोकळ्या बसलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मायने चहा केला. “कोरा हाय मॅडम. चालंल न्हवं?”

“कोराच पिते मी, अक्का.”

बा बाहेर बैलांपाशी थांबला. माय त्यांच्या समोर बसली. तिने आडपडदा ठेवलाच नाही. “तुमी ऱ्हाता कुठं, लातुरात?”

“हाव, औसा रोडला.”

“घर स्लॅबचं?”

“स्लॅबचं.”

“मग तुमचं बरं हाय. स्लॅबातल्या मानसाला रानात झोपायची हौस वाटती. आमाला न्हाई वाटत.” मायने माझा उजवा हात ओढला आणि तळवा त्यांच्यापुढे धरला. “हितं चावला होता इंचू हिला. नुकती चालाय लागली होती. असल्याच कोपीत. रातभर तळमळली लेकरू. तवापासनं मला भुईवर लेकरू झोपलेलं बघवत न्हाई.”

मला वाटलं मॅडम आता समजावतील. जंगल कसं सुरक्षित असतं, आम्ही किती काळजी घेतो, वगैरे. त्या तसलं काही बोलल्या नाहीत. माझा तळवा बघितला, मग म्हणाल्या, “मी हिच्या शेजारी झोपेन. कडेला मी, आत ही.”

“आन तुमालाच चावला तर?”

“मग हिला मला उचलून न्यावं लागेल. काटक हाय का ही?”

मायला हसू आलं. तिने ते पदराने झाकलं, पण मला दिसलं. तरी तिने होकार दिला नाही. चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, “एक सांगा मॅडम, खरं. बरं घर सोडून ह्यात काय सापडतं तुमाला?”

मॅडम कपातल्या चहाकडे बघत होत्या. “आमचं घर माळवदाचं होतं, अक्का. लाकडाच्या पाट्या आणि वर मातीचा थर. दरसाल पावसाळ्याआधी बा वर अजून माती टाकायचा, गळू नये म्हणून. मायेनंच टाकायचा की. भूकंपात ते सगळं खाली आलं. मी आणि आई निघालो. बा आणि धाकटा भाऊ न्हाई निघाले.” त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “त्यानंतर आम्हाला ताडपत्रीखाली ठेवलं होतं. सगळे म्हणायचे, काय हाल गरिबांचे. पण मला तिथं झोप लागायची. वाटायचं, हे पडलं तरी अंगावरच पडेल, अंगातून न्हाई जाणार. अजून तसंच आहे. घरी मी पत्र्याच्या खोलीत झोपते. आमचे हे स्लॅबखाली, मी पत्र्याखाली.”

मायने त्यांचा रिकामा कप घेतला आणि न विचारता पुन्हा भरला.

निघताना ती स्कूटीपर्यंत आली. म्हणाली, “न्या. पर आनून सोडायचं तुमीच. एसटीत बसवून द्यायचं न्हाई.”

“मी आणून सोडते, अक्का.”

परत येताना लातूर जवळ आल्यावर मॅडम मागे न बघता म्हणाल्या, “कॉलेजात कुणाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी आज कुठं गेले नव्हते.”

शिबिर भोकरच्या पुढे, किनवटच्या बाजूला होतं. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर आणि तिथून जीप. सागाचं जंगल जिथे सुरू होतं तिथे एका ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान होतं, मॅडम दरवर्षी तिथेच उतरायच्या. थंडी पडली होती. सागाची वाळलेली पानं एवढी मोठी की एकेक पडताना कुणी ताट टाकल्यासारखा आवाज यायचा.

बॅगा टेकवायच्या आधी मॅडमनी आम्हाला उभं केलं. “आधी वर बघायचं, मग खाली.” वर म्हणजे वाळलेली फांदी आहे का. त्यांनी ते सांगितलं तेव्हा वर्गातल्या त्यांच्या बघण्याची मला आठवण झाली, आणि मी घाईने दुसरीकडे बघितलं. खालचं बघायची त्यांची रीत वेगळीच होती. बाटलीतलं थोडं पाणी त्या जमिनीवर ओतायच्या आणि ते कुठे पळतं ते उकिडव्या बसून बघायच्या. पाणी थांबलं तर ती जागा नको. हळूहळू एका दिशेला सरकलं तर चांगली. मुली याला मॅडमची पूजा म्हणायच्या. समोच्च रेषा, उतार, जलविभाजक, जे आम्ही तीन वर्षं नकाशावर शिकलो ते सगळं त्या ओंजळभर पाण्यात असायचं.

आमचं कापड जवळजवळ बांधून झालं होतं. शेवटची खुंटी ठोकायला ऋतुजाने एक दगड उचलला आणि खाली विंचू होता. काळा, नांगी वर केलेला. मुली ओरडल्या, मग हसल्या, कुणी मोबाईल काढला. माझी उजव्या हाताची मूठ आपोआप मिटली. ती मला उघडताच येईना.

मॅडमनी विंचवाकडे बघितलं. मग माझ्या मुठीकडे. आणि म्हणाल्या, “उचला. इथं नको. वर मुरमाडावर जाऊ.”

“मॅडम, आत्ताच तर बांधलं,” ऋतुजा म्हणाली. “तो विंचू गेला पण.”

“त्याच्यासाठी नाही. वारा बदललाय.”

“वारा तिकडूनच आहे मॅडम. मघापासून.”

“मग समज मी बदललेय. उचल गं.”

चार मुलींनी चार कोपरे धरले. खुंट्या उपटल्या, काठ्या काखेत घेतल्या आणि वाळत घातलेली चादर न्यावी तसं आमचं घर चालत चालत वर गेलं. ऊन कलायच्या आत ते दुसरीकडे उभंही राहिलं. मॅडम दोरी ताणत माझ्याजवळून जाताना एवढंच पुटपुटल्या, “हलकं असलं की हलता येतं.” कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलं नसावं.

नवीन जागी कापड बांधताना माझे हात माझं ऐकेनात. मूठ सुटली आणि ते आपलं काम करायला लागले. गाठ मारली, दुसरी मारली, ऋतुजा ज्या कोपऱ्याशी झटत होती तोही ताणून दिला. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण मग मी कापडाच्या कडा खाली ओढल्या आणि हाताने माती लोटून त्या दोन्ही बाजूंनी दाबून टाकल्या. कोपीची कड अशीच दाबतात. फट राहिली की त्यातून गारवा येतो आणि किडामुंगीही.

ऋतुजा बघत होती. “तुला कसं येतं गं हे सगळं?”

मॅडम थोड्या अंतरावर होत्या. त्यांनी ऐकलं, मला ठाऊक आहे. पण त्यांनी विषय बदलला नाही, मला वाचवायला आल्या नाहीत. काठीची दोरी पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या.

“आम्ही कोपीत राहतो,” मी म्हणाले. “माझे माय-बा ऊस तोडतात.”

मला वाटलं होतं हे वाक्य बोलल्यावर काहीतरी होईल. ऋतुजा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आणि हे तू आत्ता सांगतेस? मी मघापासून त्या गाठीशी मरतेय. मला आधी शिकव.” मग मी तिला गाठ शिकवली. तिच्यानंतर पलीकडच्या कापडातल्या दोघी आल्या. सगळ्यांनी माझ्यासारखीच माती लोटून कडा दाबल्या. मॅडमनी ते बघितलं आणि त्या स्वयंपाकाचं बघायला निघून गेल्या.

झोपताना त्या कबूल केल्याप्रमाणे कडेला, मी त्यांच्या आत. पाठ टेकली आणि त्यांना झोप लागली. घोरायला लागल्या, चांगल्या जोरात. पलीकडे मुली तोंड दाबून हसत होत्या. मी हसले नाही. ज्या बाईला स्लॅबखाली झोप येत नाही ती किती गाढ झोपते, हे ऐकत पडून राहिले आणि त्या आवाजातच मलाही लागली.

सकाळी ऋतुजाच्या किंचाळण्याने जाग आली. “पाऊस, मॅडम, पाऊस!” पाऊस नव्हता. बाहेर लख्ख आभाळ होतं. आमच्या श्वासाचं आतल्या बाजूने पाणी झालं होतं आणि कापडाला कुणाचं डोकं लागलं की थेंबांची सर खाली. पांघरुणं ओली, केस ओले. ज्या ज्या कापडाची कड माझं बघून दाबली होती तिथे तिथे हेच. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मॅडम बाहेर गुडघ्यांवर बसून हाताने माती बाजूला करत होत्या. कापडाची कड टीचभर वर उचलून त्यांनी दाखवलं. “कोपीला पाचट असतं. ते ओल पिऊन घेतं. या कापडाला पिता येत नाही, म्हणून याला खालून वारा लागतो. खाली मोकळं ठेवायचं ते त्यासाठी.”

“मग काल सांगितलं का नाही, मॅडम?” मी विचारलं.

त्यांनी हात झटकले. “काल तू सांगत होतीस ना. मी मध्ये कशाला बोलू?”

मी त्या वाक्यावर तेव्हा फार विचार केला नाही. अंथरुणं उन्हात टाकायची घाई होती. पण त्या दिवसानंतर मी वर्गात पुढच्या बाकावर बसायला लागले, आणि हातही वर करायला लागले. उत्तर चुकायचं कधीकधी. चुकलं की मॅडम ‘हं’ म्हणायच्या आणि दुसरीला विचारायच्या.

परतीला बाकीच्या मुली लातूरच्या स्टँडवरून घरोघरी गेल्या. मॅडम मला घेऊन दुसऱ्या एसटीत बसल्या. फाट्यावर उतरून आम्ही चालत कोपीपर्यंत गेलो. मायने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग मॅडमना म्हणाली, “बसा. आज दूध हाय.”

मी पास झाले. पुढे शिकायला नांदेडला आले, विद्यापीठात. त्याच वर्षी आमचं घरकुल मंजूर झालं. मॅडमचीही संस्थेच्या दुसऱ्या, दूरच्या कॉलेजला बदली झाली होती. हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, माय-बाने घर पूर्ण केलं. दोन खोल्या, वर स्लॅब. माय दिवसातून दहादा जिना नसलेल्या त्या स्लॅबकडे मान वर करून बघायची. तिला फोनवर म्हटलं, गृहप्रवेशाला मॅडमना बोलवायचं का? ती म्हणाली, “मी कवाच फोन केलाय. येतो म्हनल्यात.”

नांदेडहून गावी आले तर दारासमोर मला आमची काळी ताडपत्री दिसली. जी घर झालं की उकिरड्यावर टाकणार असं माय वर्षानुवर्षं म्हणत आली होती, तीच. स्वच्छ धुतलेली, कडुलिंबापासून घराच्या खिडकीपर्यंत ताणून बांधलेली. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “मॅडमला आत गुदमरल. त्येंच्यापुरतं भाईर केलंय.”

गृहप्रवेशाची बुद्धवंदना झाली. पंगत सुरू व्हायच्या सुमारास मॅडम आल्या. केस थोडे पिकले होते, बाकी तशाच. माय पांढऱ्या साडीत होती. ती हात धरून त्यांना ताडपत्रीखाली घेऊन गेली. “बसा मॅडम. खाली कायबी टाकलं न्हाई बगा. तुमच्यावानी.”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. ताडपत्रीच्या दोरीला हात लावून बघितला. कड दोन हात वर होती, मोकळी. मग म्हणाल्या, “बसते. पण आधी घर दाखवा, अक्का.”

“राहू द्या की. भाईरनंच बगा. तेवढंच हाय.”

“भाईरनं कशाला? आले कशाला मग मी?”

माय पुढे, त्यांच्यामागे मॅडम, मागे मी. उंबऱ्याशी मॅडम थांबल्या. मी वाट बघत होते, आता त्यांची नजर वर जाईल. तीन वर्षं रोज बघितलेलं, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. त्या मायच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. वर न बघताच त्यांनी पाऊल आत टाकलं, खोलीच्या मधोमध गेल्या आणि खाली फरशीवर बसल्या. एक तळहात फरशीवर टेकवून म्हणाल्या, “गार आहे. उन्हाळ्यात बरं पडेल.”

“हाव,” माय म्हणाली. “जरा चा घेता का?”

“घेते की. कोरा.”

मी चहाला उठले, तर माय मला मागे सारून आधी दाराकडे गेली. वाऱ्याने दार लोटलं जात होतं. तिने बांधकामातली उरलेली एक वीट उचलून आणली आणि दाराला नीट टेकवून ठेवली, ते उघडंच राहावं म्हणून. मग पायाने वीट ढकलून बघितली, हलत नाही ना. मॅडमनी ते बघितलं. माय त्यांच्या आणि दाराच्या मध्ये काही येणार नाही अशी बाजूला सरकून बसली, आणि मी चूल पेटवायला गेले.